माझ्या नावापुढची खूण

१६ फेब्रुवारी २०२१, मंगळवार

होस्टेलला परत आले. कारंजाहून निघालेल्या एसटीत चौदा माणसं होती. सहा जणांचं नाक मास्कच्या आत होतं, बाकीच्यांचं बाहेर. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून मोजत बसले.

गेटवर निगेटिव्ह रिपोर्ट दाखवला. वॉर्डन सबाने मॅडम टेबल बाहेर मांडून बसल्या होत्या. म्हणाल्या, "अंजू कुमरे ना? तुझ्या वडिलांचं कळलं. फार वाईट झालं." मी हो म्हणाले. मग त्या म्हणाल्या, "तू मोठी आहेस, जबाबदार आहेस. मुलींचं तपासणीचं रजिस्टर तू सांभाळशील?" मी त्यालाही हो म्हणाले.

या वर्षी एका खोलीत एकच मुलगी. माझ्या समोरच्या पलंगाची गादी काढून नेली आहे. नुसत्या लोखंडी पट्ट्या दिसतात.

ही डायरी गेल्या वर्षीची आहे, टायरवाल्या कंपनीची. बाबांना ढाब्यावर कोणीतरी दिली होती. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहिते आहे.

१७ फेब्रुवारी

काम असं. सकाळी आठ वाजता प्रत्येक दारापाशी जायचं. कपाळासमोर ताप मोजायची बंदूक धरायची, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावायचा आणि तीन प्रश्न विचारायचे. ताप वाटतो का? खोकला आहे का? वास येतो का, चव लागते का? सगळं ठीक असलं की बरोबरची खूण. मुली एकतीस आहेत. एकतिसावी मी.

मेसमध्ये बसून जेवायचं नाही, ताट खोलीत न्यायचं. मेसवाल्या तानाबाईंनी मला दारातच थांबवलं. "पोरी, किती वाळली वं तू! दिवाळीत आली नाई, संक्रांतीले आली नाई. काऊन?" त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. त्या थोडा वेळ कणकेचे हात तसेच धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "खोलीत ताट नेशीन न् तसंच वापस आणशीन. मले मालूम हाये. माह्यासंग मागं बसून खाजो."

२० फेब्रुवारी

काही नाही. एकतीस खुणा.

२२ फेब्रुवारी

आता रोज दुपारी मेसच्या मागच्या ओट्यावर तानाबाईंसोबत जेवते. नियमात बसत नाही, पण माझा रिपोर्ट निगेटिव्ह आहे आणि त्या कॅम्पसच्या बाहेर फारशा जात नाहीत. गेटजवळच्या खोलीत त्या आणि त्यांचे यजमान कवडूजी राहतात. मूळचे अल्लीपूरचे. कवडूजी गावचा भाजीपाला आणून इथे विकतात.

मी खात नाही म्हणून त्या स्वतःच्या ताटातला घास मोडून माझ्या हातावर ठेवतात. मी म्हटलं, मावशी, मास्क. "तोंडाले फडकं बांधून खाता येते काय? तोंड हाये का गाठोडं?"

आईचा फोन आला. ती विचारते, जेवलीस का? मी म्हणते, हो. ती विचारते, काय जेवलीस? मग मला आठवावं लागतं.

२४ फेब्रुवारी

सकाळी स्वीटी नागोसेच्या दाराशी गेले. माझ्या समोरचीच खोली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आर्वीची. कपाळ लाल होतं. एकशे एक पॉइंट दोन.

ती म्हणाली, "ताई, लिहू नका ना. रात्री पंखा लावून झोपलती. गोळी घेतो, उतरून जाईन."

मी म्हटलं, लिहावं लागेल.

"माह्या बाबांनं पाठवताना एकच अट घातली होती. काही झालं तं घरी यायचं, मंग पुन्हा पाठवणार नाई. माह्या मामेभावाचं स्थळ आहे, ते वाटच पाहून राह्यले. एक दिवस थांबा. उद्या नाई उतरला तं लिहा."

मी १०१.२ लिहिलं. तिच्यासमोरच लिहिलं.

बाबांच्या ढाब्यावर पाच जणांना ताप होता. मालक म्हणाला, तपासलं तर ढाबा बंद होईल, दोन दिवस थांबा. बाबा तंदूरवर उभे राहिले. दोन दिवसांचे सहा झाले. मग दवाखाना, मग अकरा सप्टेंबर. त्यामुळे मी थांबत नाही.

दहा वाजता गाडी आली आणि स्वीटीला तपासणीसाठी घेऊन गेली. जाताना ती माझ्याकडे बघत होती. मी रजिस्टर मॅडमच्या टेबलावर ठेवायला आत गेले.

२५ फेब्रुवारी

कॅम्पसमध्ये तपासणीचं शिबिर. वाचनालयासमोर दोन खुर्च्या आणि मंडप. निळ्या पोशाखातला माणूस म्हणाला, पहिलं कोण? कोणीच हललं नाही म्हणून मी बसले. मान वर, नाकात काडी, डोळ्यांत पाणी, झालं. मागे मुली मोबाइलवर शूट करत होत्या.

वीस मिनिटांत पट्टी आली. एकच रेघ. निगेटिव्ह. सगळ्या निगेटिव्ह. तानाबाईसुद्धा. त्या म्हणाल्या, "नाकातून मेंदू काहाडते का काय, बाप्पा!"

त्या माणसाने सगळ्यांना सांगितलं, आज निगेटिव्ह म्हणजे फक्त आज निगेटिव्ह. लक्षणं दिसली तर पुन्हा करा. मी ते रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं.

२८ फेब्रुवारी

स्वीटीचा मोठा रिपोर्ट, लॅबमधला, अजून आला नाही म्हणे. पण तिचे बाबा तिला तिथूनच आर्वीला घेऊन गेले. मुली जिन्यात बोलत होत्या की ती आल्यापासूनच खोकत होती. मी रजिस्टर पाहिलं. सात दिवस तिच्यापुढे बरोबरच्या खुणा आहेत.

१ मार्च

खोलीत दूध तापवत होते. हीटर ठेवायची परवानगी नाही, पण सगळ्याच ठेवतात. मी बाजूलाच प्रबंधाचं टायपिंग करत होते. जया खालच्या मजल्यावरून धावत वर आली. "ताई, काय जळून राह्यलं तुमच्या खोलीत? खालपर्यंत येऊन राह्यलं!" पाहिलं तर पातेलं काळं, दूध नाही, धूर. ती म्हणाली, "तुमाले समजलं नाई?"

लक्ष नव्हतं, म्हटलं. सप्टेंबरपासून माझं लक्ष असंच असतं.

पातेलं घासायला तासभर लागला.

३ मार्च

जिने चढताना पाय दुखतात. दोन मजले, तीस दारं. माझा ऑक्सिजन पंचाण्णव, सगळ्या मुलींचा अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव. चिमट्याचा सेल उतरला असेल.

तानाबाईंनी ज्वारीची भाकर आणि ठेचा आणला होता, घरून. अर्धी भाकर त्यांनीच भरवली. म्हणाल्या, "कसा झाला?" मी म्हटलं, छान. तिखट लागलं एवढं खरं. बाकी काही नाही. बाबा गेल्यापासून जेवण असंच लागतं, ओला कागद खाल्ल्यासारखं. त्यांना ते कशाला सांगायचं? त्या बिचाऱ्या पहाटे उठून करतात.

रजिस्टर भरलं. तीस खुणा.

६ मार्च

तानाबाई आल्या नाहीत. दुपारी मेसच्या ओट्यावर एकटी बसले, मग ताट खोलीत आणलं.

७ मार्च

बंदूक आणि चिमटा घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. कवडूजी दारात होते. म्हणाले, "अंगात कसर हाये थोडी. काढा देल्ला." तानाबाई खाटेवर उठून बसल्या. "त्या पोट्टीवानी मलेही गाडीत घालतं काय?"

ताप शंभर. चिमटा लावला. अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्या बोटाला लावला. सत्त्याऐंशी. माझ्या बोटाला लावला तर चौऱ्याण्णव आला, म्हणजे सेल बरोबर होता.

फोन करून गाडी बोलावली. कवडूजी म्हणाले, "कशी झाली हे? ते तं कुठंच जात नाई." मग त्यांनीच उत्तर दिलं. "ते आर्वीची पोट्टी. तिच्याच ताटावरून लागलं असन." आणि त्यांनी स्वीटीला शिवी दिली. मी काही बोलले नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

८ मार्च

तानाबाई पॉझिटिव्ह. ऑक्सिजन लावला आहे.

९ मार्च

हे नीट लिहिते.

आरोग्य खात्याकडून पथक आलं. तानाबाईंच्या संपर्कातल्या सगळ्यांची तपासणी. मेसच्या हॉलमध्ये एक डॉक्टरबाई टेबलाशी बसल्या होत्या. मी रजिस्टर घेऊन उभी. त्यांनी पानं उलटली, म्हणाल्या, "व्यवस्थित ठेवलंस गं." मग स्वीटीच्या नावावर बोट ठेवलं. "ही मुलगी कशी आहे?"

मॅडम म्हणाल्या, "तीच तर पहिली केस."

डॉक्टरांनी मोबाइलमध्ये यादी शोधली. "नाही. हिचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. दोन तारखेलाच. टायफॉइड निघाला तिला."

दोन तारीख. आज नऊ. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं, आम्ही कोणी विचारलंही नव्हतं.

"मग तानाबाईंसोबत कोण असायचं?"

मी म्हटलं, मी. रोज. एका ताटात.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऑक्सिजन मोजला. मग शेल्फवरची एक डबी आणायला सांगितली. म्हणाल्या, "डोळे मिट. मास्क खाली कर. वास घे. काय आहे?"

मी वास घेतला. पुन्हा घेतला. म्हटलं, डबी रिकामी आहे.

डोळे उघडले तर समोरच्या मुलीने मास्कवरून नाक दाबलं होतं. मॅडमही मागे सरकल्या होत्या. हिंगाची डबी होती, काठोकाठ भरलेली.

"कधीपासून येत नाही?"

"बाबा गेले तेव्हापासून."

"कधी गेले?"

"सप्टेंबरमध्ये."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सप्टेंबरपासून एकदाही काहीच आलं नाही? नीट आठव. घरी आईने फोडणी दिली असेल, सारवलं असेल."

मी आठवायला लागले. सहा महिने मी कशाचा वास घेतला, काय खाल्लं, काहीच नाही. वास गेला कधी ते कळायला तो आहे हे तरी माहीत असायला हवं.

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. एकतिसावी ओळ. सतरा फेब्रुवारीपासून नऊ मार्चपर्यंत, वास येतो, वास येतो, वास येतो. तीस मुलींना मी रोज विचारत होते. स्वतःला विचारलं नाही. खाली खूण करून वही मिटत होते.

दुपारी पट्टीवर दोन रेघा.

१२ मार्च

विलगीकरण केंद्र. मुलींच्या शाळेचं वसतिगृह आहे, भिंतीवर पाढे लिहिलेत. माझ्यासोबत दोन बाया आहेत, एकमेकींच्या वेण्या घालतात.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मी येऊ?" नको म्हटलं. तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिच्याकडे कोंबड्या ओरडत होत्या.

तानाबाईंची तब्येत तशीच आहे.

१५ मार्च

सबाने मॅडमचा फोन. वर अहवाल पाठवायचा आहे. त्या म्हणाल्या, "मी लिहितेय, संसर्गाचा स्रोत निश्चित नाही. डॉक्टरही तेच म्हणाल्या ना, की कोणाकडून कोणाला हे नक्की सांगता येत नाही? कवडूजी बाजारात बसतात, तिथूनही आला असेल."

असेलही.

"आणि रजिस्टर मी बदलून घेते. तुझ्या ओळीचा प्रश्न यायला नको. तुझं शेवटचं वर्ष आहे, घरी असा प्रसंग झालेला. मी तुझ्याच भल्याचं सांगते आहे."

मी विचारलं, स्वीटीचं काय?

"तिचं काय? तिचे वडील तिला पाठवायला तयार नाहीत. म्हणतात, गावात नाव खराब झालं, मेसवालीला पोरीनं रोग दिला म्हणून. मी काय करू?"

कोणाकडून कोणाला, ते माझ्या बाबतीत नक्की सांगता येत नाही. स्वीटीच्या बाबतीत सगळ्यांना नक्की सांगता येत होतं.

मी म्हटलं, विचार करून सांगते. पण विचार केलाच नाही. भिंतीवरचा एकोणीसचा पाढा वाचत पडले.

१७ मार्च

अर्ज लिहिला. बरोबर आठ ओळी झाल्या. माझ्या नावापुढच्या खुणा मी न तपासता केल्या. नियम मोडून तानाबाईंच्या ताटात जेवले. स्वीटी नागोसे हिचा रिपोर्ट निगेटिव्ह होता, तिच्याबद्दल जे बोललं जातं ते खोटं आहे आणि मी ते ऐकून गप्प बसले. फोटो काढून मॅडमना, विभागप्रमुखांना आणि स्वीटीला पाठवला.

मॅडमचा फोन आला, उचलला नाही.

लिहून हलकं वाटतं म्हणतात. मला भूक लागली, एवढंच.

१८ मार्च

स्वीटीच्या बाबांनी फोन केला. त्यांनी विचारलं, "हे तुमची सही हाये?" हो म्हटलं. "कोणाले दाखवलं तं चालन?" हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

मग स्वीटीचा मेसेज. "तुम्ही ताप लिहिला ते बरोबरच होतं ताई. पण नंतर एकदा तरी फोन करून विचारायचं होतं, कशी आहेस म्हणून."

मग विचारलं, कशी आहेस? तिने चार तासांनी लिहिलं, बरी.

२४ मार्च

सुटी झाली. रजिस्टर आता जयाकडे आहे. ती दाराशी आली, तीन प्रश्न विचारले. वासाच्या प्रश्नाला मी म्हटलं, नाही. तिने फुली मारली आणि पुढे गेली.

५ एप्रिल

स्वीटीचं प्रॅक्टिकल होतं. तिचे बाबा तिला घेऊन आले आणि ती बाहेर येईपर्यंत कडुनिंबाखाली मोटारसायकलवर बसून राहिले. उन्हात त्यांना पाणी नेऊन दिलं. प्यायले. जाताना म्हणाले, "जुलैपर्यंत पाहू." लग्नाचं म्हणत होते का परीक्षेचं, ते मी विचारलं नाही.

९ एप्रिल

तानाबाईंना तेहतीस दिवसांनी घरी सोडलं. कवडूजींनी इथली खोली रिकामी केली आणि त्यांना अल्लीपूरला नेलं. घरी लावायला ऑक्सिजनचं यंत्र दिलं आहे म्हणे. मेसमध्ये दुसऱ्या बाई आल्या. होस्टेल पुन्हा बंद होतंय, उद्या मी कारंजाला जाईन.

१८ जून, शुक्रवार

दोन महिन्यांनी लिहिते आहे. मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही नव्हतं.

एसटी सुरू झाल्यावर आज अल्लीपूरला गेले. आईला सांगितलं, होस्टेलचं सामान आणायचं आहे.

तानाबाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या. अर्ध्याच राहिल्या आहेत. मांडीवर टोपलं, वांगी निवडत होत्या. दोन निवडायच्या, थांबायच्या, श्वास घ्यायच्या, पुन्हा दोन. मला पाहून म्हणाल्या, "अवं, अंजू! बस. उभी काऊन?"

मी उभी राहूनच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं. वासाचं, खुणांचं, एका ताटातल्या जेवणाचं, दोन रेघांचं. स्वीटीला काही नव्हतं, हेही. त्या ऐकत होत्या, हातातलं वांगं तसंच.

"म्हंजे तुह्यापासून झालं."

"डॉक्टर म्हणतात नक्की सांगता येत नाही. पण हो मावशी. बहुतेक माझ्यापासूनच."

"मालूम होतं तुले? माह्या हातचं खाताना?"

"नाही."

"मालूम करून घ्याचं होतं."

"हो."

त्यांनी वांगं टोपल्यात टाकलं. मला वाटलं आता म्हणतील, जाऊ दे पोरी, तुझा काय दोष? बसमध्ये मी तेच ऐकत आले होते, त्यांच्या आवाजात. त्या म्हणाल्या, "एक पायरी चढली का छाती फुटते माही. भाकर थापाले बसली तं तिसऱ्या भाकरीले आडवी होतो. न् माह्या नवऱ्यानं तीन महिने त्या आर्वीच्या पोट्टीले शिव्या देल्ल्या, सकाळ-संध्याकाळ. तिचं नाव घेऊन. आता इथं बस. त्याले येऊ दे. त्याच्यासमोर सांगजो."

बसले. तासभर तरी बसले असेन. त्यांनी टोपलं माझ्याकडे सरकवलं, तेव्हा वांगी निवडली. किडकी वेगळी, चांगली वेगळी.

कवडूजी शेतातून आले. मी उभी राहिले, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. मधेच त्यांनी विळा खाली ठेवला. मग त्यांनी शिव्या दिल्या. मला दिल्या, होस्टेलला दिल्या, शिकलेल्या पोरींना दिल्या. शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. त्यांनी विचारलं, "तुह्या मायले असं झालं असतं तं?" मी म्हटलं, बाबांना झालं होतं. ते गेले. हे मी बचावासाठी म्हटलं नाही. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. ते आणखी चिडले, मग त्यांचा आवाज चिरकला.

तानाबाई खाटेवरून म्हणाल्या, "झालं? आता तिले एसटीवर सोडून या. शेवटची गाडी साडेपाचची हाये."

कवडूजींनी गाडी काढली. मी मागे बसले. फाटा दोन-अडीच किलोमीटर आहे. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पेरणीला तयार केलेली वावरं, रस्त्याच्या कडेला बैल. नाल्याच्या पुलापाशी मला रडू आलं. कसं सुरू झालं ते कळलं नाही. बाबांसाठी होतं का तानाबाईंसाठी, तेही कळलं नाही. मोठ्याने आलं, रस्त्यावरच्या माणसांनी वळून पाहिलं.

कवडूजींनी मागे पाहिलं नाही, विचारलंही नाही. गाडी मात्र हळू केली, आणि फाट्यापर्यंत तशीच हळू चालवली.